सेनाइदाबाईंची सात प्रकरणे

मित्रांनो, माणसांत सोळा वर्षांचे वय कोवळे समजतात. आमच्यात सोळा म्हणजे पणजोबा. मी असाच एक पणजोबा आहे. क्यूबातल्या हिबारा या समुद्रकाठच्या गावात, सेनाइदाबाईंच्या बैठकीच्या खोलीत राहणारा एक जुना संगणक. माझी पेटी पिवळी पडली आहे आणि चालू होताना मी थोडा खाकरतो. पण एकदा चालू झालो की कामाला मागे हटत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

माझा जन्म कोणत्याही मोठ्या कारखान्यात झाला नाही. बाईंचे शेजारी आर्सेन्योकाका रेडिओ दुरुस्त करत. त्यांनी मला आपल्या जेवणाच्या टेबलावर जोडले. पेटी एका बंद पडलेल्या कचेरीतली, पंखा दुसऱ्याच एका संगणकाचा, आणि काचेचा जाडजूड पडदा काकांनी ओल्गीनहून बसमधून मांडीवर घेऊन आणलेला. माझी जोडणी चालू होती ते चार दिवस त्यांच्या घरातली माणसे ताटल्या हातात धरून, उभ्याने भात आणि काळा राजमा जेवली. मग दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवरून मला पलीकडे सरकवले गेले.

पलीकडे बाई वाट पाहत होत्या. सिगारच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षे वाचिकेचे काम केले होते. आमच्याकडे सिगार वळणाऱ्यांचे हात कामात असतात, पण कान मोकळे असतात. म्हणून उंच ओट्यावर बसून कोणीतरी त्यांना वाचून दाखवते. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. कोणती कादंबरी वाचायची ते कामगार मतदान करून ठरवतात. बाईंना काचबिंदू झाला, ओळींच्या कडा विरू लागल्या आणि त्यांना तो ओटा सोडावा लागला. पण मनात एक गोष्ट होती. मिठागरात वाढलेल्या तीन बहिणींची कादंबरी स्वतः लिहायची, ती मतदानाला ठेवायची आणि निवडून आली तर त्याच ओट्यावर बसून वाचायची. डोळे किती दिवस साथ देतील ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते.

"हा मला चावणार तर नाही ना?" बाईंनी मला पाहून विचारले.

"सत्तर माणसांना तू एकतीस वर्षं गप्प बसवलंस," काका म्हणाले. "हा तर एकटाच आहे."

पहिल्याच दिवशी काकांनी त्यांना एक युक्ती शिकवली. कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि माउसचे चाक पुढे फिरवायचे. माझ्या पडद्यावरची मुंगीएवढी अक्षरे राजम्याच्या दाण्याएवढी झाली. मग त्यांनी कागद काळा केला आणि अक्षरे पांढरी. बाईंनी पुढे वाकून एक ओळ वाचली, चष्म्याशिवाय, आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंस?"

आठवडाभरात बाईंच्या हातून कोणती तरी कळ दाबली गेली आणि लिहिलेली तीन पाने एका क्षणात गेली. बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. भिंतीपलीकडून काकांनी विचारले, "काय गं, टकटक थांबली?"

"गेलं सगळं."

"कशाला हात लावू नकोस. आलो."

त्यांनी येऊन कंट्रोल आणि झेड या दोन कळा एकदम दाबल्या. तीन पाने होती तशी परत आली. बाईंनी ती मुद्दाम पुन्हा घालवली, पुन्हा आणली, असे पाच-सहा वेळा केले.

"केलेलं परत घेता येतं म्हणजे कमालच आहे," त्या म्हणाल्या.

"माझ्या सासऱ्यांकडे या दोन कळा असत्या तर मी अजून ब्रह्मचारी असतो," काका म्हणाले.

पण मित्रांनो, त्या दोन कळांचा जोर वीज असेपर्यंतच चालतो. आमच्या गावात वीज सांगून जात नाही. एका दुपारी थोरल्या बहिणीचे लग्न मोडते ते प्रकरण बाईंनी एका बैठकीत संपवले, खुर्चीत मागे टेकल्या आणि गल्लीभर वीज गेली. पडदा काळा झाला. तासाभराने मी पुन्हा जागा झालो तेव्हा माझ्याजवळ त्या प्रकरणातला एक शब्दही नव्हता.

"जतन केलं होतंस?" काकांनी विचारले.

"केलं होतं. मनात."

"मनाला तार जोडता येत नाही, बाई."

त्या दिवसापासून नियम झाला. पूर्णविराम आला की जतन करायचे. आमच्या स्पॅनिश संगणकांवर त्यासाठी कंट्रोलबरोबर जी दाबतात, तुमच्याकडे बहुतेक एस दाबत असतील. बाईंच्या बोटांना ती सवय इतकी लागली की कणीक मळतानाही वाक्य सुचले की करंगळी आपोआप हलायची. शिवाय दर पाच मिनिटांनी मी आपण होऊन जतन करावे, अशी सोय काकांनी माझ्यात करून ठेवली.

नावांचा गोंधळ मात्र काही काळ चालूच होता. माझ्या पोटात 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचे' आणि 'खरोखर शेवटचे' अशा फाइली साठल्या. एकदा बाईंनी जुन्याच 'शेवटचे'मध्ये आठ दिवस दुरुस्त्या केल्या. काकांनी कपाळाला हात लावला. "मांजरांची नावं ठेवतेस तेव्हा बरी अक्कल असते. प्रकरणाचा आकडा घाल, पुढे तारीख घाल. चर्चमधला पाद्रीसुद्धा बाप्तिस्म्याची तारीख लिहितो."

मग एका उन्हाळ्यात मी वारंवार बंद पडू लागलो. अंग तापायचे, पंखा घरघरायचा आणि मी मध्येच मान टाकायचो. काकांनी येऊन पाहिले, तर बाईंनी माझ्यासाठी प्रेमाने विणलेले पांढरे आवरण मला डोक्यापासून पायापर्यंत घातलेले.

"याला स्वेटर घातलास? क्यूबात?"

"धूळ बसते ना त्याच्यावर."

"धूळ आत गेलीच आहे. आता हवासुद्धा बंद केलीस."

त्यांनी आधी माझी तार भिंतीतून काढली, पेटी उघडली आणि रंगाच्या मऊ कोरड्या ब्रशने मला साफ केले. पंखा गरगरू नये म्हणून एक बोट पात्याला टेकवून ठेवले. आतून मांजराच्या केसांचा एवढा गोळा निघाला की मांजरही त्याला हुंगून मागे सरले. त्या दिवसानंतर माझ्या पाठीमागे चार बोटे जागा मोकळी सोडली जाते आणि स्वेटर मला फक्त बंद असताना घालतात.

एव्हाना तेहतीस प्रकरणे झाली होती. बाईंचे नाव पुन्हा कारखान्यात निघू लागले. सिगार वळणाऱ्यांमधल्या ज्येष्ठ मिगदालियाबाई येऊन विचारून गेल्या, "संपतंय कधी? मतदान नव्या वर्षात आहे." मी तेव्हा फार खुशीत होतो.

मग कामाग्वेयहून बाईंची भाची आली आणि तिने हातात मावणारा एक चपटा, चकचकीत टॅबलेट भेट दिला. बाई त्यावर लिहू लागल्या. मी कोपऱ्यात गेलो. चार महिने, ऐन वादळांच्या मोसमात, मी स्वेटर घालून तसाच उभा होतो. खारा वारा खिडकीतून यायचा आणि माझ्या सांध्यांत बसायचा. माझ्यावर शेवंतीची कुंडी ठेवली गेली, आणि तिला पाणी घातले की दोन थेंब मलाही मिळत. मित्रांनो, यंत्र कामाने झिजते हे खरे, पण दमट जागी नुसते बसून ते लवकर कुजते.

टॅबलेटवरची अक्षरे मोठी केली की एका वेळी चारच शब्द मावत. बाईंचे डोळे आणखी उतरले होते. शेवटी त्या माझ्याकडे परत आल्या. टॅबलेटवर लिहिलेली सात प्रकरणे त्यांनी माझ्यात उतरवून घेतली, टॅबलेट कोरा करून भाचीला परत पाठवला आणि चाळिसावे, म्हणजे शेवटचे, प्रकरण संपल्याचे मिगदालियाबाईंना कळवले.

तेव्हाच माझ्या आत कट्-कट् असा आवाज सुरू झाला. माझी डिस्क, म्हणजे माझी स्मरणशक्ती, दुखू लागली होती. बाईंनी तो आवाज ऐकला. पण त्या आठवड्यात त्यांचा आणि काकांचा अबोला होता. कादंबरीतला खलनायक रेडिओ दुरुस्त करणारा आहे, हे काकांना मिगदालियाबाईंकडून कळले होते.

"चाळीस वर्षांच्या शेजाराची ही परतफेड?" ते म्हणाले होते.

"तुझं नाव कुठे घातलंय?"

"त्याच मिशा, तोच खोकला. नाव घालायची गरजच काय?"

म्हणून बाईंनी हाक मारली नाही. तीन दिवस मी कट्-कट् करत राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी बटण दाबले आणि माझ्या पडद्यावर डिस्क सापडत नसल्याची एकच पांढरी ओळ उमटली. ती वाचायला त्यांना भिंतीपलीकडे हाक मारावीच लागली.

काकांनी माझ्या पेटीला कान लावला. "आवाज कधीपासून येतोय?"

"तीन दिवस."

"बाई, आवाज आला त्याच दिवशी दुसरं काहीही न करता आधी प्रत काढायची असते." मग हळू आवाजात त्यांनी विचारले, "पेनड्राइव्हवर किती आहे?"

काकांच्याच हट्टाने बाई पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात ठेवत, दमटपणा लागू नये म्हणून. त्यावर तेहतीस प्रकरणे होती. शेवटची सात कुठेच नव्हती. मतदानाला सोळा दिवस उरले होते. बाईंना आता पडद्यावरचे मोठे अक्षरही धुक्यातल्यासारखे दिसत होते. त्या एवढेच म्हणाल्या, "मिगदालियाला सांग, माझं नाव काढून टाक."

काकांनी मिगदालियाबाईंना काही सांगितले नाही. दोन दिवसांनी ते दुसरी डिस्क घेऊन आले. मित्रांनो, माझी पहिली स्मरणशक्ती तिथेच संपली. आतापर्यंत जे सांगितले ते मला या दोघांनी पुढे भांडता भांडता पुन्हा शिकवले आहे.

नव्या डिस्कवर काकांनी तेहतीस प्रकरणे उतरवली आणि मला बोलते केले. संगणकाला लिहिलेले मोठ्याने वाचता येते, ही सोय बहुतेकांच्या संगणकात असते आणि बहुतेकांना ठाऊक नसते. मी पहिले प्रकरण वाचू लागलो. माझा आवाज सपाट, स्वल्पविरामाला मी अडखळायचो. बाई ताठ बसल्या. एकतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांना वाचून दाखवले होते, त्यांना मात्र कोणी कधी वाचून दाखवले नव्हते.

"किती वाईट वाचतो हा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे पुसले. "पुढे चालू दे."

तेहतिसावे संपले तेव्हा त्या आपणच चौतिसाव्याची पहिली ओळ बोलल्या. काका खुर्ची ओढून बसले आणि एका बोटाने टंकू लागले.

"सावकाश सांग. हे बोट रेडिओचं आहे."

बारा दिवस हे चालले. बाई खोलीत फेऱ्या मारत सांगत. लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणायची सवय असल्यामुळे प्रकरणे त्यांच्या कानात पक्की बसली होती. दोन-तीन जागी आठवेना तेव्हा त्यांनी नवे रचले, आणि काका म्हणाले की नवे जास्त चांगले आहे. प्रत्येक वाक्याला जतन. संध्याकाळी तीन प्रती. एक तांदळाच्या डब्यात, एक काकांच्या घरी, एक मिगदालियाबाईंकडे.

मधल्या एका दुपारी बाई अचानक थांबल्या. "आर्सेन्यो, तुझ्याकडून बेसबॉलचा आवाज येत नाही हल्ली."

"आपली माणसं हरतात. कशाला ऐकायचं?"

"डिस्क कुठून आणलीस?"

काकांच्या लग्नात मिळालेला मोठा रेडिओ त्यांच्या फडताळावर राहिलेला नव्हता. बाईंनी ते ओळखले आणि त्या म्हणाल्या, "लिही. खलनायक घड्याळं दुरुस्त करतो."

"आणि मिशा?"

"मिशा राहतील."

सत्तरपैकी चौपन्न मते बाईंना पडली. त्यानंतर रोज सकाळी मी त्यांच्या कानात त्या दिवसाचे प्रकरण दोनदा वाचत असे, आणि दुपारी त्या ओट्यावर बसून, समोर कागद न ठेवता, ते कारखान्याला ऐकवत. मी कारखाना कधी पाहिला नाही. पण शेवटच्या दिवशी काका तिथे गेले होते. त्यांनी परत येऊन सांगितले की बाईंचे वाचून झाल्यावर सगळ्यांनी शाबासकी म्हणून तंबाखूची पाने कापायची पाती लाकडी फळ्यांवर इतका वेळ वाजवली की दारावरचा पहारेकरी आत बघायला आला.

आता दर मंगळवारी आमच्या बैठकीच्या खोलीत गावातली सात-आठ वयस्क माणसे जमतात. काकांचा खोकला वाढला आहे, म्हणून शिकवतात बाई. त्यांना दिसत नाही, पण कळांचा आवाज ऐकून कोण चुकले ते सांगतात. "सिप्रियानो, भिंतीतली तार ओढू नकोस, आधी त्याला रीतसर बंद कर. जेवत्या माणसाच्या पुढ्यातलं ताट ओढतो का आपण?" सिप्रियानो चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि निमूट ऐकतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला हवा द्या, कोरडे ठेवा, अधूनमधून त्याची धूळ झाडा. तो वेगळा आवाज करू लागला तर रुसवेफुगवे बाजूला ठेवून त्याच दिवशी जाणत्या माणसाला हाक मारा. आणि हे वाचून झाल्यावर लगेच उठून एक काम करा. जे गमावले तर रडू येईल ते निवडा, त्याची आणखी एक प्रत काढा आणि ती दुसऱ्या कोणाच्या घरी ठेवा. सेनाइदाबाईंची सात प्रकरणे परत आली, कारण ती त्यांच्या कानात होती. तुमच्या संगणकात जे आहे ते सगळेच कोणाच्या कानात असेल असे नाही.