अक्षतांचे दाणे

मुंबईत प्लेग आला त्याच्या चारेक वर्षं आधीची गोष्ट. मी डोंबिवलीच्या शाळेत मास्तर होतो, आणि लिहिता येतं म्हणून आसपासचे लोक मला कुठल्याही भानगडीत ओढत. एका रविवारी कोपरच्या पंचांचा निरोप आला : दौत-टाक घेऊन या, फारकत लिहायची आहे. आठवड्याची एक सुट्टी, तीही दुसऱ्याच्या काडीमोडीत घालवायची! मी चरफडतच गेलो.

देवळापुढे पाच पंच बसले होते, मधोमध काळुराम पाटील. समोर मिठागरावर राबणारा गणू, मान खाली घालून. शेजारी त्याची आई सखुबाई. आणि जरा लांब, कोणाच्याच बाजूला नाही अशी, त्याची बायको सगुणा. तिच्या मांडीवर सात महिन्यांचा मुलगा होता. सगळा तंटा त्या मुलाच्या डोळ्यांचा. आई-बाप दोघांचे डोळे काळेभोर, आणि पोर निघालं घारं. मीठखात्याचा गोरा साहेब ठाण्याहून आगर तपासायला येई, तो घारा. सगुणा त्याच आगरात मीठ ओढायला जाई. लोकांना एवढं पुरलं.

फारकत झाली तर सगुणाने पोरासकट गाव सोडायचं. माहेरी भावाने आधीच कळवलं होतं की दार उघडणार नाही. मग ती जाणार कुठे, हे कोणी विचारत नव्हतं.

आता माझी गोष्ट सांगतो, लाज वाटते तरी. माझेही डोळे घारे आहेत, आणि माझ्या आई-वडिलांचे काळे. आमच्या घरी ‘आजोबांवर गेला’ म्हणाले आणि बारशाच्या घुगऱ्या खाऊन मोकळे झाले. हे मी तिथे सांगायला हवं होतं. पण तोंड उघडलं असतं तर सगळ्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं असतं, आणि माझी शाळा काही त्या आगरापासून फार लांब नव्हती; संशय माझ्यावरच यायचा. मी घाबरलो. कागदाकडे बघत बसलो.

“लिवा मास्तर,” काळुराम म्हणाला. “आमी खाडीकाठची मान्सा. खाऱ्या जमिनीत राता भात पेरतो, लाल दाना घेतो. राता पेरून पांढरा निघाला, तं तो दुसऱ्याचा. झाला निकाल!”

“आमच्यात कोनी घारा नाय,” सखुबाई ठासून म्हणाली. “माझ्या म्हायेरीबी नाय.”

मी ‘कारणे फारकत लिहून देतो ऐसी की’ इथवर आलो होतो, तेवढ्यात ठमाबाई उठली. ही त्या गावची धवलारीण. तिथल्या लोकांची लग्नं भट लावत नाही, धवलारीण गाणी म्हणून लावते. समोरच्या चार पंचांची लग्नं हिनेच लावलेली.

“काळुराम, तुझ्या लग्नात अक्षता कंच्या तांदलाच्या व्हत्या?”

“पांढऱ्या. आनि कंच्या?”

“आनि आपल्या खाऱ्यात पांढरा भात कवा पिकला रं?”

“बाजारातून आनत असतील,” दुसरा पंच म्हणाला, तशा मागच्या बायका फिदीफिदी हसल्या. भात कांडायचं काम बायकांचं. मुसळाखालून काय निघतं, ते या शहाण्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

ठमाबाईने पदराची गाठ सोडली आणि मूठभर पांढरे दाणे पंचांपुढे ओतले. “हे तुमच्याच रात्यातले. आमी सालभर वेचतो न् अक्षतांना ठेवतो.”

“दुसऱ्याचा बी मिसळला आसंल,” काळुराम म्हणाला.

“मनाबी तसाच वाटला. म्हून पडवीमागं लोंब्या येगयेगळ्या पेरून बघितल्या, समद्या लाल दान्याच्या. बाकीच्यांतून लालच आला. एकीतून मातर चार रोपांमागं एक पांढरा. त्या पांढऱ्याचा बी पेरला, तं पांढराच. लाल कवा आलाच नाय. लालाच्या पोटात पांढरा दडून ऱ्हातो, बाबांनो. पांढऱ्याच्या पोटात लाल दडत नाय.” ती सगुणाकडे वळली. “डोल्यांचाबी तसाच. घारा पोर झाला, का दोनी घरांत मागं कोनी घारा निघतोच. तीन पिढ्या बघतंय मी. हिचा चुलत आजा घारा व्हता. गनूच्या बाजूचा सखूनं सांगावा.”

“नाय म्हनलं ना एकदा!”

“सखू, तुझं लगीन मीच लावलं. तुझा बापूस माझ्यासमोर उभा व्हता.”

सखुबाई पंचांपुढल्या पांढऱ्या दाण्यांकडे बघू लागली. मग म्हणाली, “माझ्या आजीला गावानं हाकलली. पोर घारा झाला म्हून. तो माझा बापूस. मरेस्तोवर त्याला लोकांनी पापाचा म्हनला, न् मीबी मनात तेच धरला. नातवाचे डोले बघितले न् मना धडकीच भरली, आता समदे माझा बापूस उकरतील.” तिने वर पाहिलं. “म्हंजे ठमाबाय, माझी आजी...”

“चांगली व्हती गो. तुझ्या सुनेसारखी.”

काळुरामने मला हातानेच थांबवलं. गणू उठून पोराला घ्यायला गेला. सगुणाने त्याला बराच वेळ उभं ठेवलं, आणि मगच पोर दिलं. जाता जाता ठमाबाई माझ्यापाशी थांबली. “मास्तर, घारे तं तुमीबी. तुमी बोलला असता, तं मना एवढं बोलावं लागला नसता.” मी दौत-टाक आवरू लागलो.

सखुबाई शेवटी आली. तिने माझ्या हातातला कागद घेतला, उलटसुलट करून पाहिला. तिला अक्षर येत नव्हतं.

“माझ्या आजीचाबी असाच कागद केला आसंल?”

“असेल.”

“तो आता गावंल काय?”

“नाही.”

मग तिने माझाच कागद फाडला, अगदी बारीक बारीक, आणि सगळे तुकडे वेचून पदरात बांधून घेतले.