माको लेनकडे पाठ

पत्र सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. लेसिएलीने ते वाचलं, पुन्हा पाकिटात घातलं आणि गल्ली ओलांडून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवलं.

"मिस, तुम्ही वाचा. माझं इंग्रजी कच्चं असेल."

तिचं इंग्रजी मुळीच कच्चं नव्हतं. टोंगा बेटांवरून ऑकलंडला येऊन तिला चौदा वर्षं झाली होती, आणि वृद्धाश्रमात ती डॉक्टरांची अक्षरं लावून म्हाताऱ्यांना औषधं देत असे. तिला ते पत्र माझ्या तोंडून ऐकायचं होतं. का, ते मला ठाऊक होतं.

मी वाचलं. हॅल्डन कॉलेजने (इथे माध्यमिक शाळेला कॉलेज म्हणतात) कळवलं होतं की महापालिकेच्या नोंदीप्रमाणे तुमच्या घराचा पत्ता '२, माको लेन' असा आहे. माको लेन कॉलेजच्या हद्दीत येत नाही. म्हणून तुमची मुलगी टेमालेटी हिला नववीत प्रवेश देता येत नाही. हद्दीबाहेरच्या मुलांसाठी सोडत असते, पण त्या सोडतीच्या अर्जाची मुदत मागच्या आठवड्यात संपली. शेवटी शुभेच्छा होत्या.

"शुभेच्छा कसल्या, ते लिहिलंय का?" लेसिएलीने विचारलं.

"नाही."

"मग ठीक. मला वाटलं, तेवढंच मला समजलं नाही."

ती बसली नाही. मी चहाचं विचारलं, तर नको म्हणाली. मार्चमध्ये समोरचं घर लिलावाने विकायचं होतं. त्याच्या आदल्या शनिवारी ते बघायला आलेली माणसं व्हरांड्यात बूट काढून आत-बाहेर करत होती, तेव्हा हीच बाई माझ्या फाटकाशी आली होती. टेमालेटी आधी तीन वर्षं माझ्या वर्गात होती, म्हणून ओळख जुनी. तिने सरळ विचारलं होतं, "मिस, हे घर हॅल्डनच्या हद्दीत आहे ना? नक्की?" आणि मी म्हणाले होते, "या घरातली दोन्ही मुलं तिथेच शिकतात." ते खरं होतं. खरं बोलून मी त्यांना फसवलं.

ते घर कोपऱ्यावर आहे. त्याचं दार आणि फाटक आमच्या माको लेनमध्ये. मागचं कुंपण ॲशबी रोडला लागून. ॲशबी रोड हद्दीत, माको लेन बाहेर. एवढंच. जमीन तीच, पाऊस तोच, पण ॲशबी रोडवरच्या घराला दोन लाख डॉलर जास्त पडतात. आधीचे मालक फेअरबर्न. त्यांचा थोरला हेमिश बारा वर्षांचा झाला, तेव्हा एका रविवारी फेअरबर्नने आपली पत्रपेटी गल्लीतून उपटली आणि मागच्या कुंपणापाशी ॲशबी रोडवर रोवली. पेटीवर पितळी आकडे ठोकले, १४१. मी खिडकीतून बघत होते आणि मला हसू आलं होतं. हेमिश हॅल्डनला गेला. मागोमाग एंगसही गेला. पोस्टमन तिथे पत्रं टाकू लागला. मग घर विकायला निघालं आणि एजंटच्या पाटीवर छापून आलं, 'हॅल्डनच्या हद्दीत'. खरेदीच्या कागदांवर दोन्ही पत्ते होते, मध्ये एक तिरकी रेघ.

त्या तिरक्या रेघेसाठी लेसिएली आणि तिचा नवरा सेमिसी यांनी दक्षिणेकडचं चार खोल्यांचं घर विकलं होतं आणि दोन खोल्यांचं हे घेतलं होतं. सेमिसीची आई दिवाणखान्यात झोपत होती.

"मी येते तुमच्याबरोबर कॉलेजात," मी म्हणाले.

"याल तर बरं होईल," ती म्हणाली. "तुमचं ऐकतील. तुम्ही गोऱ्या आहात."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच मला ते जास्त झोंबलं.

कॉलेजात जाताना दोघांनी कमरेला विणलेल्या चटया बांधल्या होत्या. टोंगात लग्नाला, मयताला आणि राजासमोर जाताना बांधतात त्या. प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंचं नाव मिसेस थॉर्नडाइक. नम्र, नीटनेटक्या. त्यांनी नकाशा उघडला आणि जांभळ्या रेघेवर पेन ठेवलं.

"महापालिका पत्ता ठरवते. घराचं मुख्य दार आणि गाडी आत न्यायचा गाडीरस्ता जिकडे, तिकडचा पत्ता. तुमचं दार माको लेनला आहे."

"आमची पत्रपेटी ॲशबी रोडला आहे," सेमिसी म्हणाला.

"पत्रपेटी कोणीही कुठेही लावू शकतं, मिस्टर वाकाउता."

"खरंय," मी म्हणाले. "फेअरबर्नने लावली होती. आणि तुम्ही त्याची दोन मुलं घेतलीत. ह्याच घरातून आणि ह्याच पेटीवरून."

"दुसऱ्या विद्यार्थ्यांविषयी मला बोलता येत नाही."

"मी बोलते, तुम्ही फक्त ऐका. हेमिश फेअरबर्न आणि एंगस फेअरबर्न. दोघंही अजून तुमच्याकडेच आहेत. त्यांच्या वेळी महापालिकेची नोंद कुणी काढून बघितली होती का?"

"हल्ली तपासणी कडक झाली आहे. काही समाजांत नातेवाइकांचे पत्ते देण्याची पद्धत असते. त्यामुळे आम्हाला..."

सेमिसी आपल्या हातांकडे बघत होता. काँक्रीट ओतून ओतून त्या हातांच्या भेगांत कायमचा करडा रंग बसला आहे.

छत्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं. एकदा सांगून कळलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायचं, दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं. आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी मी आवाज चढवला. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. शेजारच्या खोलीतला टाइप करण्याचा आवाज बंद पडला, एवढं आठवतं. मिसेस थॉर्नडाइक यांनी नकाशाची घडी घातली आणि म्हणाल्या, "खाडीकडचं कॉलेज तुमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर आहे. तेही चांगलं आहे."

"तुमची मुलं तिथे आहेत?" लेसिएलीने विचारलं. तिचा आवाज इतका मऊ होता की क्षणभर वाटलं, ती चौकशीच करते आहे.

परत येताना गल्लीच्या तोंडाशी लेसिएली मला म्हणाली, "मिस, तुम्हाला खाडीकडच्या कॉलेजातले मास्तर ओळखतात. खरं सांगा. तिथे फिजिक्स आहे?"

"यंदा नाही."

"का?"

"पोरं कमी पडली. बारा लागतात, सात होती."

"आणि पोरं का कमी पडली?"

उत्तर तिला येत होतं. ज्यांना जमतं ते सगळे ॲशबी रोडवर घर घेतात. मग इकडे पोरं कमी, म्हणून विषय कमी, म्हणून आणखी पोरं जातात. आमच्या शाळेतल्या आठ वर्षांच्या मुलालाही हे गणित फळ्यावर सोडवता येईल. खाडीकडच्या कॉलेजातल्या निम्म्या शिक्षकांना मी ओळखते. दोघं माझेच विद्यार्थी. हॅल्डनमधल्या कुणापेक्षाही ते कमी नाहीत. पण मास्तर चांगला असून भागत नाही, समोर बारा पोरं बसलेली लागतात.

टेमालेटीला फिजिक्सच हवं होतं. ही मुलगी नऊ वर्षांची असताना कोकोच्या डब्याला भोक पाडून तिने वर्गाच्या भिंतीवर बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र पाडलं होतं आणि मला विचारलं होतं, "मिस, झाड उलटं झालं की आपण?" अशी मुलं शिक्षकाच्या आयुष्यात मोजकी येतात. तिच्यासाठी तिच्या आजीने दिवाणखान्यात झोपणं पत्करलं होतं.

एजंटला मी फोन केला. तो म्हणाला, "नोएलीन, पाटीच्या खाली लिहिलं होतं की खरेदीदाराने स्वतः खात्री करून घ्यावी."

"केवढ्या अक्षरांत?"

"कायद्याला चालतं तेवढ्या."

आठवड्याने सेमिसी माझ्या दारात आला. हातात टेप आणि एक कागद. कागदावर त्याने स्वतःचं घर काढलं होतं, वरून दिसेल तसं.

"मिस, त्या बाई काय म्हणाल्या? मुख्य दार आणि गाडीरस्ता."

"हो."

"घर काही जमिनीला शिवलेलं नाही. दार मी काढू शकतो. गाडीरस्ता मी ओततो. तेच तर माझं काम आहे." त्याने कागदावर बोट ठेवलं. "इकडून बंद, तिकडून उघडं."

"स्वयंपाकघर जाईल."

"स्वयंपाकघर गल्लीकडे येईल. आईला चूल कुठेही चालते. तिला फक्त ओरडायला माणूस लागतं."

परवानग्यांचे अर्ज मी लिहिले. ते माझं काम होतं आणि मी ते दात ओठ खाऊन केलं. पदपथ फोडून गाडीरस्ता काढायची परवानगी यायला तीन आठवडे गेले. मग चार शनिवार त्यांच्या चर्चमधली माणसं आली. दहा-बारा जण, दोन मिक्सर, एक उधार आणलेला ट्रक. पहाटे त्यांनी अंगणात खड्डा खणून दगड तापवले आणि केळीच्या पानांत टॅरोची म्हणजे अळूची पानं, मटण आणि नारळाचं दूध बांधून पुरलं. दुपारपर्यंत मागचं कुंपण उतरलं होतं आणि ॲशबी रोडच्या पदपथापासून घरापर्यंत ओलं काँक्रीट पसरलं होतं. समोरच्या घरातली बाई कुत्र्याला घेऊन बाहेर आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली.

"तुम्ही काय बांधताय?" तिने विचारलं.

"पत्ता," सेमिसी म्हणाला आणि फावडं चालवत राहिला.

माणसं हसली. मला हसू आलं नाही. पत्रपेटी सरकवताना फेअरबर्नला एक रविवार आणि चार खिळे पुरले होते. ह्यांना भिंत फोडावी लागत होती, छप्पर टेकू लावून धरावं लागत होतं, आणि आठवडाभर राबून उरलेला एकुलता एक मोकळा दिवस द्यावा लागत होता, कारण रविवारी ते काम करत नाहीत.

शेवटच्या शनिवारी गल्लीकडचं फाटक काढलं. तिथे सेमिसीने ठोकळ्यांची भिंत घातली, माणसाच्या उंचीची. मी म्हणाले, एक छोटं दार ठेव, टेमालेटी रोज संध्याकाळी माझ्याकडे येते.

"ठेवलं असतं, मिस," तो म्हणाला. "पण एक फट जरी ठेवली तरी ते म्हणतील, हेच मुख्य दार. तुम्ही त्या बाईंना बघितलंत ना."

महापालिकेचा माणूस नोव्हेंबरच्या सुरुवातीला आला. तरुण पोरगा. त्याने नवं दार उघडून पाहिलं, गाडीरस्त्याचा फोटो काढला, भिंतीपाशी जाऊन गल्लीकडे येण्याची वाट कुठे राहिली आहे का ते पाहिलं. राहिली नव्हती. दहा दिवसांनी नोंद बदलली. १४१, ॲशबी रोड. हॅल्डनचं पत्र आलं. टेमालेटीला प्रवेश मिळाला. शेवटी त्याच शुभेच्छा होत्या.

लेसिएली ते पत्र घेऊन आली तेव्हा तिला धाप लागली होती. पूर्वी वीस पावलं होती. आता ॲशबी रोडवरून खाली, कोपऱ्याला वळसा घालून गल्लीतून वर. तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि या वेळी खुर्ची ओढून बसली.

"घ्या, मिस. गणवेश दोनशे ऐंशी डॉलरचा आहे. कोट वेगळा."

"अभिनंदन."

"कुणाचं? आम्ही भिंत बांधली. पोरगी आधी होती तेवढीच हुशार आहे." तिने डोळे पुसले आणि लगेच चिडून रुमाल खिशात कोंबला. "तुमच्यावर मी दोन महिने रागावले होते. सांगून टाकते."

"मला माहीत आहे."

"अजून थोडी आहे."

"असू दे," मी म्हणाले. "मीही आहे माझ्यावर."

आम्ही चहा पीत होतो तेव्हा दारावर टकटक झाली. लुपे होती, गल्लीत मधल्या घरात राहणारी. तिचा नवरा विमानतळावर सामान चढवतो. त्यांचा पाओलो टेमालेटीच्याच वर्गात, तिच्या शेजारच्या बाकावर. त्यालाही मीच वाचायला शिकवलं होतं. लुपेला आत कोण बसलंय ते ठाऊक नव्हतं. लेसिएलीला बघून ती जरा थबकली, मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"मिस, सेमिसी आमचंही घर फिरवून देईल का? सिमेंटचे पैसे आम्ही देऊ. मजुरीचेही देऊ. ज्यांना उशीर झाला त्यांना पुढच्या वर्षीही अर्ज भरता येतो म्हणतात ना, पाओलोचा तेव्हा भरू."

"लुपे, तुझं घर मध्ये आहे," मी म्हणाले.

"हो, पण मागे फिरवलं तर?"

लेसिएलीने कप खाली ठेवला. तिने नवऱ्याला फोन लावला आणि त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. पाच मिनिटांत सेमिसी वळसा घालून आला, टेप घेऊनच. तो लुपेबरोबर तिच्या मागच्या कुंपणापर्यंत गेला, कुंपणावर चढला आणि पलीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. आम्ही तिघी खाली थांबलो. मग तो उतरला. टेप त्याने उघडलाच नव्हता.

"मध्ये तीन घरं आहेत," तो म्हणाला. "रस्ता त्यांच्या पलीकडे."

लुपे माझ्याकडे बघत होती. छत्तीस वर्षं मुलांनी माझ्याकडे असंच बघितलं आहे, उत्तर माहीत असणाऱ्या माणसाकडे बघावं तसं.

"मग आता काय करायचं, मिस?" तिने विचारलं.