पाव फेरा

सुकदेवने बॉनेट वर टेकवलं, कार्ब्युरेटरच्या बाजूचा बारीक स्क्रू पाव फेरा सैल केला आणि डावा तळहात इंजिनावर ठेवला. थरथर मंदावली. मग आत वाकून त्याने ए.सी.चं बटण दाबलं. इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडलं. सुकदेवला हायसं वाटलं.

गाडी बंद पडली म्हणून हायसं वाटणारा ड्रायव्हर अख्ख्या सुरतेत तो एकटाच असेल. पण त्याचा हिशेब सरळ होता. ए.सी.चा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जिवावर फिरतो. धावत्या गाडीला त्याचं ओझं फारसं जाणवत नाही, पण उभ्या गाडीची रेस जरा चढी नसेल तर ती जागच्या जागी मान टाकते. रेस अशी उतरवून ठेवली की गाडी दर सिग्नलला बंद पडणार, आणि नटवरशेठ वैतागून स्वतःच म्हणणार, राहू दे तो ए.सी., काचा उघड.

सुकदेवला काचा उघड्याच हव्या होत्या. काचा उघड्या असल्या की माणसं रस्त्याच्या गोंगाटावर आवाज चढवून बोलतात. त्याच माणसांना गारवा लागला की ती मागच्या सीटवर रेलून पुटपुटतात, आणि इकडे तोंडासमोर ब्लोअर घोंघावत असतो. चौदा वर्षं कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात घालवलेल्या सुकदेवच्या कानांना त्यातलं अक्षर लागत नसे. ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, बाकी बरंचसं तो ओठांवरून ओळखायचा. घरी बायकोला, मंदाला, सगळं ठाऊक होतं. "शेठले सांगी टाका," असं ती दर आठ दिवसांनी म्हणायची. सुकदेव तेवढं बरोबर ऐकायचा आणि न ऐकल्यासारखं करायचा. आधीच्या ड्रायव्हरला डोळ्यांनी कमी दिसतं असं कळल्यावर शेठने त्याला दुसऱ्या दिवशी नारळ दिला होता. सुकदेवला काढलं तर पुन्हा लूमच गाठावा लागणार, आणि उरलंसुरलं ऐकणंही तिथेच संपणार.

शेठने दोनदा गाडी गॅरेजला पाठवली. दोन्ही वेळा सुकदेव बाहेर चहा पिऊन परत आला आणि म्हणाला, मिस्त्री सांगतो इंजिन थकलंय. शेठने विश्वास ठेवला. त्याने एकदा तरी शंका घेतली असती तर सुकदेवला इतकं लागलं नसतं.

बुधवारी शेठच्या आईला, म्हणजे बांना, उधन्याला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे न्यायचं असे. मे महिन्यातल्या त्या बुधवारी परत येताना रेल्वेचं फाटक लागलं. दुपारचे दोन वाजले होते. पुढे कापडाच्या गाठींचा टेम्पो, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना रिक्षा. एक मालगाडी गेली, तरी फाटक उघडेना. उघड्या काचांमधून झळा आत येत होत्या.

आरशात पाहिलं तर बांची मान एका बाजूला कलली होती. पदर खांद्यावरून घसरला होता, आणि ती बाई पदराच्या बाबतीत किती काटेकोर होती हे सुकदेवला माहीत होतं. त्याने हाक मारली. बांचे ओठ हलले. त्या काहीतरी म्हणाल्या, की ओठ नुसतेच हलले? पाणी मागितलं असेल, छातीत दुखतंय म्हणाल्या असतील.

त्याने मागे वळून बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडावर शिंपडलं, भराभर काचा लावल्या, ए.सी.चं बटण दाबलं. इंजिन बंद पडलं. पुन्हा चावी फिरवली, पुन्हा आचका, पुन्हा बंद. गाडीने त्याचंच म्हणणं इमानाने पाळलं होतं.

स्क्रूड्रायव्हर घेऊन तो उतरला. बॉनेट इतकं तापलं होतं की हात भाजला. स्क्रू पाव फेरा आवळला, मग आणखी थोडा, चावी फिरवली, धावत येऊन तळहात ठेवून पाहिला. ए.सी.चं ओझं घेऊनही थरथर टिकली. तो आत येऊन बसला आणि मागे वळून बांच्या तोंडाकडे बघत राहिला. गार हवा लागत गेली तसे त्यांचे डोळे उघडले. त्यांनी स्वतःच्या हाताने दोन घोट पाणी घेतलं, पदर सारखा केला. मग त्या काहीतरी बोलल्या. त्याला कळलं नाही. पुन्हा बोलल्या. त्याने अंदाजाने मान डोलावली, आणि ती चुकीच्या जागी डोलावली हे त्यांच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं.

बा दोन सीटांच्या मधून पुढे वाकल्या आणि त्यांनी ए.सी. बंद केला. ब्लोअर थांबला.

"आटलुं ज हतुं?" त्यांनी विचारलं.

एवढंच होतं, एक स्क्रू पाव फेरा आवळणं. एवढ्यासाठी अख्खा उन्हाळा त्यांना उकाड्यात फिरवलं होतं. सुकदेवला त्यांच्याकडे बघवेना, पण बघितल्याशिवाय ऐकू येणार नव्हतं.

"बा, ए.सी. चालू हो तो मेरे को पीछे का सुनाई नहीं देता. लूम पे कान गया. स्क्रू मैंने ही ढीला किया था."

गाडी पुन्हा तापायला लागली, बांच्या कपाळावर घाम आला, तरी त्यांनी बटणाला हात लावला नाही. शेवटी त्याला ओठ नीट दिसतील अशा बेताने एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

"हुं नहीं कहुं. तुं कहेजे. आजे."

त्या सांगणार नव्हत्या; त्यानेच सांगायचं होतं, आजच. फाटक उघडलं. सुकदेवने ए.सी. लावला. गाडी वाटेत कुठेही बंद पडली नाही.

बंगल्याच्या पायऱ्यांवर शेठ उभा होता. आईचा उतरलेला चेहरा बघून तो घाईघाईने खाली आला, त्यांना उतरवून घेतलं आणि गाडीच्या खिडकीशी वाकून काहीतरी विचारलं. सुकदेवने काच खाली घेतली होती, पण इंजिन चालू होतं, शेठच्या मिशा भरघोस होत्या. सुकदेवला त्यातलं काही कळलं नाही. हां शेठ, असं म्हणायची त्याला सवय होती. ते शब्द ओठांवर आलेही होते.

त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून शेठसमोर उभा राहिला.

"शेठ, जोर से बोलो," तो म्हणाला. "मेरे को सुनाई नहीं देता."

शेठने आईकडे पाहिलं. बा अजून आत गेल्या नव्हत्या. गाडीच्या उघड्या दाराला धरून त्या तिथेच उन्हात उभ्या होत्या.