त्रयस्थ

नवऱ्याच्या टेम्पोमुळे बायकोचा पाय गेला, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. घरात मात्र त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

तो दुकानांतलं फर्निचर घरोघरी पोहोचवायचा. गल्ली चिंचोळी, त्यामुळे गाडी मागे घेताना बायको पाठीमागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायची. त्या दिवशी शेजारणीने खिडकीतून काहीतरी विचारलं. ती मान वळवून बोलत राहिली आणि सवयीने "येऊ द्या" म्हणत राहिली. गाडी आणि भिंत यांच्यामध्ये ती सापडली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ती लोकांचे कपडे शिवायची, आणि तिचं मशीन पायाचं होतं.

नवऱ्याने दवाखान्यात तिचं सगळं केलं, अगदी वेणीसुद्धा घातली. पण नजरेला नजर दिली नाही.

मोठ्या नणंदेने त्या दोघांना एका वकीलबाईंकडे नेलं. बाई फटकळ होत्या, पण समजावून सांगण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. टेम्पोचा विमा आहे ना, मग भरपाई मिळेल, असं त्या म्हणाल्या. विम्यात गाडीचा मालक हा एक पक्ष, कंपनी दुसरा, आणि गाडीबाहेरचं बाकी सगळं जग त्रयस्थ.

"मी तर यांची बायको," ती म्हणाली.

"घरी. गाडीच्या मागे उभ्या होतात तेव्हा तुम्ही रस्त्यावरचं कुणीही. दावा तुम्ही लावायचा, कंपनीवर आणि यांच्यावर. यांनी हलगर्जीपणा केला हे सिद्ध झालं, तरच पैसे सुटतील."

जिला लागलं तिचीही चूक निघाली, तर त्या मानाने भरपाईला कात्री लागते, हेही बाईंनी सांगितलं. ते ऐकून तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टेबलाच्या कडेकडे बघत होता.

कोर्टात ती एका बाकावर आणि नवरा समोरच्या बाजूला, असं बसवलं. दोघं घरून एकाच रिक्षाने आले होते आणि डबाही एकच होता. कंपनीचा वकील मृदू बोलणारा माणूस होता. गाडी मागे येताना तुम्ही नेमकं काय म्हणत होतात, असं त्याने तिला विचारलं. आठवत नाही, असं ती म्हणाली. शपथ घेऊन बोललेलं हे खोटं तिच्या छातीत दगडासारखं बसलं.

मग नवऱ्याला उभं केलं.

"ती थांबा म्हणाली होती," तो म्हणाला. "दोनदा म्हणाली. मला ऐकू आलं. मी घाईत होतो, थांबलो नाही."

कंपनीच्या वकिलाने त्याला उलटसुलट विचारून बेजार केलं, बायकोसाठी बनाव रचतोस असंही सुनावलं. तो तसूभर हलला नाही. शेजारीण "मी त्या वेळी घरातच नव्हते" असं सांगून मोकळी झाली होती.

निकाल तिच्या बाजूने लागला. सगळा दोष चालकाचा, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. भरपाई कंपनीने भरली, पुढे त्याचा परवाना मात्र रद्द झाला. टेम्पो विकून तो एका गोदामात हमाली करू लागला. तिला कृत्रिम पाय बसला, मशीनला मोटर बसली.

एका दुपारी तो जेवून ताट धूत असताना तिला राहवलं नाही. "अहो, मी थांबा म्हणाले नव्हते. येऊ द्याच म्हणत होते. माझं लक्ष नव्हतं."

त्याने ताट उपडं घातलं. तो कोर्टासाठी तसं बोलला होता, एवढंच तिला त्याच्याकडून ऐकायचं होतं.

"म्हणाली होतीस तू," तो शांतपणे म्हणाला. "रोज ऐकू येतं मला."

तिने पुन्हा सांगितलं, शेजारणीचं, खिडकीचं, सगळं. त्याने ऐकून घेतलं, लहान पोराचं ऐकावं तसं. मग तिला त्रास नको म्हणून कोपऱ्यातली कपड्यांची थप्पी उचलून मशीनपाशी आणून ठेवली आणि तो कामावर गेला.