आकडा घट्ट, नाव सैल

ज्या म्हातारीकडून मी हे दुकान घेतलं, तिनं किल्ल्या हातात देताना एकच गोष्ट शिकवली. शर्टावर आकडा घट्ट शिवायचा, नाव सैल. माणसं येतात नि जातात, आकडा राहतो. उद्या गिऱ्हाईक नाव उसवायला आलं की आपलंच मनगट दुखतं.

गुन्सानच्या बेसबॉल मैदानाच्या तीन नंबरच्या दरवाजासमोर माझं दुकान आहे. आमच्या संघाचं नाव हेरन्स, पण गावात सगळे त्यांना बगळेच म्हणतात. लोक संघाचा शर्ट घेऊन येतात, पाठीवर आवडत्या खेळाडूचं नाव शिवून घेतात आणि तो खेळाडू सोडून गेला, किंवा यांचंच प्रेम आटलं, की तोच शर्ट बगलेत मारून परत येतात. आठ वर्षांत मी जेवढं शिवलं तेवढंच उसवलं असेल. निघालेली अक्षरं बिस्किटांच्या एका डब्यात टाकून ठेवते. सगळ्या खेळाडूंची तिथे सरमिसळ होऊन जाते.

म्हातारीचा नियम मी एकदाच मोडला. दीड वर्षापूर्वी, मे महिन्यात, दातांच्या दवाखान्यात काम करणारी नारे नावाची मुलगी सकाळी सकाळी आली आणि म्हणाली, "मावशी, शेहेचाळीस नंबर. हाम युन-सॉक."

हाम युन-सॉक माझा मुलगा.

दुकानात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझं आडनाव प्यन. लग्न झालं म्हणून आमच्या कोरियात बाईचं आडनाव बदलत नाही, आणि नवरा मी गुन्सानला यायच्या आधीच वारला होता. युन-सॉकनंच मला बजावलं होतं, "आई, दुकानात बोलू नकोस. पहिल्या संघात टिकलो की सांग. मग हवं तर पाटी लाव." मलाही ते पटलं. माझ्या दुकानात बसून लोक खेळाडूंच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. त्या पोरांनाही आया असतात, हे त्यांच्या गावीही नसतं. तुमचा मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की मी म्हणायची, बाहेरगावी असतो. खरं उत्तर मी राखून ठेवलं होतं. एक दिवस सगळे जमलेले असताना, दोरा तोडता तोडता सहज सांगायचं, तो शेहेचाळीस नंबर आहे ना, तो माझा. हे वाक्य मी इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी म्हटलं असतं.

तो पहिल्या संघाकडून एकदाच खेळला. बगळे अकरा विरुद्ध दोन असे हरत होते, निम्मे लोक उठून गेले होते, तेव्हा आठव्या डावात त्याला चेंडू टाकायला उतरवलं. मी तिकीट काढून सगळ्यात मागे उभी होते. चौदा चेंडू टाकले त्यानं, तिघांना बाद केलं. बाराव्या चेंडूला त्याचा चेहरा वाकडा झालेला मी एवढ्या लांबून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा हात केस विंचरायलासुद्धा वर जाईना. पण ते दुपारी कळलं. त्याच्या आधी सकाळी नारे येऊन गेली होती, आणि जगात एका तरी माणसाला माझ्या मुलाचं नाव पाठीवर हवं आहे, या आनंदात मी त्या नावावर एकावर एक तीन वेळा टाके घातले.

तेव्हा रोज दुकानात येऊन बसणारे यॉम काका शेजारीच होते. म्हणाले, "प्यनबाई, हा शर्ट फाटेल, पण नाव निघायचं नाही."

मग शस्त्रक्रिया झाली, वर्ष उलटलं. दुसऱ्या फळीच्या संघाचं मैदान नामवनला आहे. तिथे क्लबच्या वसतिगृहात राहून तो पुन्हा फेकायला शिकत होता. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्याचा फोन यायचा. आज तीस मीटर टाकला, आई. आज चाळीस. या नोव्हेंबरात तर बातमी भराभर पुढे सरकत होती. पन्नास, पंचावन्न. मी आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई कापडाची मापं लिहिते आहे.

त्या दिवशी कॅलेंडरवर शेवटचा आकडा साठ होता.

हिवाळ्यात खेळ बंद असतो, पण बडबड जोरात असते. माझ्या दुकानातल्या रॉकेलच्या शेगडीवर रताळी भाजत ठेवली की कोण गेला, कोण आला, कुणाचं काय मोडलं याची रोज सभा भरते. त्या दुपारी दोघे होते. एक यॉम काका, बोटीवरचे निवृत्त कप्तान, सत्तरीचे. एकतीस वर्षं बगळ्यांमागे घातलेली, त्यामुळे तोंडात चांगला शब्द नाही. दुसरा टॅक्सीवाला तक-सू, ज्याला दर हिवाळ्यात वाटतं की पुढचं वर्ष आपलं.

"हिशेब ऐक," काका म्हणाले. "कॅचर सोलच्या संघात गेला. दुसऱ्या बेसवाल्याचा गुडघा कापला. शेवटचा डाव टाकणारा दोन वर्षं सक्तीच्या लष्करी नोकरीला चाललाय. आता राहिलं काय आपल्याकडे? ढोल आणि झेंडा."

"नवीन अमेरिकन येतोय की डावखुरा!"

"गेल्या वर्षीचाही येतच होता. आला, डुकराचं मांस भाजून खाऊन सात किलो वाढला आणि जूनमध्ये कंबर धरून घरी गेला."

"काका, तुम्ही ना, लग्नघरात मर्तिकाच्या गोष्टी काढणार. आशा ठेवायला काय जातं?"

"माझी एकतीस वर्षं गेली," काका म्हणाले आणि गरम रताळं सोलायला लागले. "खरा बगळा एका पायावर उभा राहतो. आपले दोन पायांवर उभे राहिले तरी मी गावाला जेवण... जाऊ दे. यंदा नववे आलो, पुढच्या वर्षी दहावे. अकरावे येता येत नाही, कारण संघच दहा आहेत. ही एक त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट."

तक-सू बोटं मोजायला लागला. चेंडू टाकणारे कोण कोण उरले ते. चार बोटांवर गाडी अडली. "अरे हां, नामवनला ते एक पोरगं आहे की. चौदा चेंडूंवालं. हाम."

माझा पाय मशीनच्या पायडलवरून उचलला गेला.

"त्याचा खांदा?" काका हसले. "त्या खांद्यानं भाताचा चमचा तोंडापर्यंत आला तरी पुष्कळ."

मला गप्प बसायला हवं होतं. दीड वर्ष बसले होते. पण काकांच्या त्या हसण्यानं डोक्यात तिडीक गेली. "काल साठ मीटर टाकलाय त्यानं," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कोण म्हणालं, मावशी?" तक-सूनं विचारलं.

"गिऱ्हाइकं येतात. बोलतात."

"साठ?" काकांचं रताळं हातातच राहिलं. "साठ वाईट नाही. शस्त्रक्रियेनंतर साठ टाकतोय म्हणजे फेब्रुवारीपर्यंत उभा राहील. त्या पोराचा चेंडू शेवटच्या क्षणी खाली बसायचा, पाहिलं होतं मी. डोकंही थंड होतं. कोण जाणे. एखादा डाव टाकेलसुद्धा."

यॉम काकांच्या तोंडून कुणाबद्दल इतकं चांगलं मी आठ वर्षांत ऐकलं नव्हतं. मान खाली घालून मी उगाचच रिकाम्या कापडावर मशीन चालवली. ते राखून ठेवलेलं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. आणखी अर्धं मिनिट गेलं असतं तर मी सांगूनच टाकलं असतं.

तेवढ्यात दार सरकलं आणि नारे आत आली. नाक थंडीनं लाल, हातात शर्ट.

"मावशी, नाव काढायचंय. आकडा राहू द्या."

शर्ट तिनं पालथा पसरला. आमच्या कोरियन लिपीत नावाची तीन अक्षरं, आणि खाली शेहेचाळीस.

"आकडा कशाला ठेवायचा?" मी विचारलं.

"नव्या अमेरिकनाला तोच दिलाय ना. डिलेनीला. सकाळी क्लबनं फोटो टाकला, पाहिला नाही?"

तक-सूनं फोन काढून आम्हा सगळ्यांना दाखवला. लाल दाढीचा उंच माणूस आमचा पांढरा शर्ट छातीशी धरून हसत होता. शर्टावर शेहेचाळीस.

"एक आकडा दोघांना देतात?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. आठ वर्षं मी हेच काम करते.

"कसा देतील?" काका म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "काढलं त्याला. काढायचं असलं की महिन्याच्या सुरुवातीलाच ऑफिसात बोलावून सांगतात आणि त्याच दिवशी खोली रिकामी करायला लावतात. यादी बाहेर येते महिनाअखेरीला. आज पंचवीस तारीख. वीस दिवस झाले असतील पोराला जाऊन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साठ मीटर कोण म्हणालं तुम्हाला? छान टोपी घातली की कुणी तरी."

वीस दिवस. कॅलेंडर माझ्या डोक्यावरच होतं. तिकडे बघायची मला हिंमत झाली नाही. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न, साठ. सगळे त्याच वीस दिवसांतले.

मी टाके उसवायचं हत्यार घेतलं आणि बसले. एरवी एका नावाला पाच मिनिटं पुरतात. टाक्याखाली टोक घालायचं, उचकटायचं, अक्षर सुटून येतं. हे सुटेना. एक थर निघाला की खाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा. पहिल्या अक्षरालाच दहा मिनिटं गेली.

नारे अवघडून उभी होती. "मला वाईट वाटतंय, मावशी. त्या दिवशी स्टेडियममध्ये मी होते ना. सगळे उठून गेले होते, मी एकटीच ओरडत होते. वाटलं होतं, याला सगळ्यांच्या आधी मी ओळखलं. नंतर सगळे मोठमोठ्यांची नावं घालून यायचे नि मला विचारायचे, हा कोण? दीड वर्ष सांगितलं मी, थांबा, येईल." ती जवळ वाकली. "तुम्ही रागावलात का?"

"नाही. टाके घट्ट आहेत."

"इतके घट्ट कुणी घातले?"

"मीच."

तिच्यावर काय रागावायचं? माझ्याखेरीज त्याची वाट पाहणारी दुनियेत ती एकटीच होती. मला राग आला होता तो माझाच. रोज संध्याकाळी फोनवर त्याच्यामागून येणारा तो आवाज मी ऐकला होता. गाडी मागे घेताना वाजतो तसा, टूं टूं टूं. मी विचारलं तर म्हणाला होता, मैदान सपाट करायचं यंत्र आहे, आई. आणि मी मान डोलावली होती. नोव्हेंबरात, गोठलेल्या जमिनीवर, रोज मैदान सपाट करताहेत म्हणे!

तिसरं अक्षर निघालं. बाकीचा शर्ट उन्हानं विटला होता, पण नावाखालचं कापड जसंच्या तसं पांढरं राहिलं होतं. आणि भोकं. माझ्या सुईची, ओळीनं.

"नाव तर अजून वाचता येतंय," तक-सू वाकून म्हणाला.

"डिलेनी आपल्या लिपीत चार अक्षरी आहे," काका म्हणाले. "झाकलं जाईल."

ती तीन अक्षरं मी डब्यात टाकली. बाकीच्यांची पडली होती तिथेच.

पाचला फोन वाजला. न घ्यावा असं वाटलं. पण न घेतला तर त्याला काळजी वाटली असती. कानाला लावला. मागे टूं टूं टूं चालू होतं, आणि आज मन लावून ऐकलं तर पट्ट्यावरून धपाधप पडणारी खोकीही ऐकू येत होती, आणि कुणी तरी घाई करा म्हणून ओरडत होतं.

"आई, आज पासष्ट मीटर," युन-सॉक म्हणाला. त्याला धाप लागली होती.

तिघेही शेगडीपाशी होते. मी भिंतीकडे तोंड केलं. किती तरी गोष्टी बोलायच्या होत्या. घरी ये म्हणायचं होतं. वीस दिवस का लपवलंस म्हणून ओरडायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच.

"उजव्या हातानं जड उचलू नकोस. खोकं अंगाशी धर आणि डाव्या हातावर भार घे."

पलीकडे टूं टूं थांबलं, पुन्हा सुरू झालं. त्यानं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

"हो, आई," शेवटी तो म्हणाला. मग, "जेवलीस?"

"जेवेन."

"बरं."

त्यानंतर त्यानं मला मीटर कधी सांगितले नाहीत.

फोन ठेवून वळले तर तक-सू माझ्याकडेच बघत होता. "मुलाचा ना? मावशी, आठ वर्षं नुसतं बाहेरगावी, बाहेरगावी. तो करतो तरी काय?"

काकांनीही मान वर केली. नारेनंही. सगळे जमले होते, मी मशीनवर होते, हातात दोरा होता.

"गोदामात खोकी उचलतो," मी म्हटलं.

"वा, मग काय!" यॉम काकांनी रताळ्याचा अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. "निदान तुमच्या घरात कुणी बगळा नाही. सुटलात, प्यनबाई."

मी रताळं घेतलं, बाजूला ठेवलं. मग नव्या कापडातून डिलेनीचं पहिलं अक्षर कापलं, त्या भोकांवर नीट बसवलं आणि मशीनचा टाका सैल केला.