काचेच्या कापडातले पांढरे डाग

प्रेसमधून काढलेली पाटी भावनाने खिडकीच्या उजेडात धरली आणि तशीच टेबलावर आपटली. पुन्हा तेच. काचेच्या कापडाचे थर एकजीव होऊन पाटी मधासारखी आरपार दिसायला हवी होती. तिच्या पोटात मात्र पांढरे, दुधाळ डाग पसरले होते. जिथे डाग, तिथे थर सुटलेले.

हिंगण्याच्या एमआयडीसीतली ही लाइन भावना गजभियेने उभी केली होती. काचेच्या धाग्यांचं कापड पातळ, चिकट रेझिनच्या हौदातून काढायचं, रुळांमधून पिळायचं, भट्टीत अर्धवट सुकवायचं आणि गुंडाळून ठेवायचं. पुढे त्याचे तुकडे एकावर एक रचून गरम प्रेसमध्ये दाबले, की वीज-उपकरणांना लागणाऱ्या टणक पाट्या तयार. हे काम नागपुरात होऊ शकतं असं तिनेच मालकांना, रुपरावजींना, पटवलं होतं आणि त्यासाठी पुण्याची नोकरी सोडली होती. आता पुण्याच्याच गिऱ्हाइकाने दोन नमुने परत पाठवले होते. तिसरा नापास झाला तर मशीन विकून टाकू, असं रुपरावजींनी तोंडावर सांगितलं होतं.

"हिवाळ्यात तं मस्त माल निघत होता न, मॅडम," मशीन चालवणारा जितेंद्र म्हणाला. "रेझिनच खराब येऊन राहिलं."

"रेझिन तेच आहे."

"मंग कापड."

"कापडही तेच."

"मंग मशीनले लिंबू-मिरची बांधा. तेवढंच राहिलं."

भावना हसली नाही. तिने भट्टीचं तापमान बदलून पाहिलं होतं, वेग कमी करून पाहिला होता, रूळ उघडून घासले होते. सकाळचं कापड बरं निघे, दुपारचं बिघडे. म्हणजे उन्हाने रेझिन आधीच घट्ट होत असेल, असं धरून तिने हौद थंड ठेवला. काही उपयोग झाला नाही. ओलीची शंका तिने पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. प्रयोगशाळेतल्या आर्द्रतामापकाचा काटा तळाला टेकलेला होता. मे महिन्यातलं नागपूर. ओठ फुटतात, धुतलेली चादर वाळत घालेपर्यंत कडक होते. इथे ओल कुठून येणार?

ती डागाळलेली पाटी घेऊन तरातरा भट्टीच्या पलीकडच्या टोकाला गेली. एरवी तिची तिकडची फेरी सकाळीच होई. तिथे सुभद्राबाई बाहेर येणारं कापड रुळावर गुंडाळत बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीशी एक मोठा लोखंडी कूलर घरघरत होता.

"या मॅडम, बसा घडीभर. इथं बरं वाटते."

भावना बसली. खरंच बरं वाटलं. वाळ्याचा वास आला, डोकं शांत झालं. मग मानेवर ओढणी ओलसर लागली आणि ती ताडकन उठली. प्रयोगशाळेतलं मापक काढून आणलं, कापडाशेजारी धरलं. काटा चढतच गेला.

भट्टीतून कोरडं होऊन आलेलं कापड इथे हवेतलं पाणी पीत होतं. तेच पाणी प्रेसमध्ये वाफ होऊन थर फोडत होतं. आणि ती इतके दिवस रूळ घासत बसली होती!

"हा कूलर कोणी लावला?"

"मोठ्या साहेबांनी. एप्रिल लागला तवाच. सकाळी बंद राहते, ऊन चढलं का चालू करतो. भट्टीच्या तोंडाशी जीव जाते न वं माय, मॅडम."

रुपरावजींनी सगळं ऐकलं आणि डोळे बारीक केले. "पंचेचाळीस डिग्रीत ओल? अवं भावना, कूलर काय नागपुरात नवीन आहे का? घराघरात आहे."

"घरात कापडाला रेझिन लावत नाहीत, साहेब. इथे एसी लागेल."

"लाइन राहते का जाते ते तं समजू दे पहिले."

काचेचं कापड एका रोलपुरतंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मशीन सुरू केलं, कूलर बंद ठेवून. सुरुवातीचा तुकडा भावनाने प्रेसमध्ये दाबला. पाटी निघाली ती स्वच्छ. पलीकडे धरलेली बोटं मोजता येत होती. तिने मधला तुकडाही लावला आणि तो शिजेपर्यंत तिथेच थांबली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

परत आली तेव्हा कूलर घरघरत होता. शेजारी रुपरावजी उभे होते.

"साहेब, काहून लावला?" तिने विचारलं.

"तोंड पाह्य तिचं! लाल झालं. चक्कर येऊन पडली तं कोण पाह्यन? माणूस आहे का नाही ती?"

सुभद्राबाई खाली मान घालून म्हणाल्या, "मी नाही म्हणत होती, मॅडम."

ओरडण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते म्हणत होते तेही खोटं नव्हतं. रोल तोवर संपत आला होता. भावनाने मशीन थांबवलं. रोलच्या शेवटाकडून तुकडे कापून ती एकेक दाबत गेली. डाग, डाग, पुन्हा डाग. दुपारी कधीतरी एक पाटी स्वच्छ निघाली. अर्धा रोल वाचला होता.

तिने पुण्याला सुमंत साहेबांना फोन लावला. माल तपासणारे तेच. रुपरावजी हातानेच नको-नको करत होते.

"अर्धाच रोल चांगला आहे, सर. उरलेला ओलीने गेला. आमच्याच कूलरने."

सुमंत म्हणाले, "दोन्ही भाग पाठवा. खराबसुद्धा. मागच्या वेळी तुम्ही नुसतं 'सुधारणा केली' म्हणालात, कसली ते सांगितलंच नाही."

"म्हणजे नमुना पास?"

"नाही. ते पाहिल्यावर ठरवू. पण सगळा रोल असाच निघेल, हे तुम्हाला दाखवावं लागेल."

फोन ठेवताच रुपरावजींनी विचारलं, "काय म्हणला?"

"नापास म्हणाले नाहीत."

"मंग पास?"

"तेही नाही."

"हे काय उत्तर झालं!" ते चिडून स्टुलावर बसले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अन् एसी येईपर्यंत ह्या बाईनं काय भट्टीत भाजून निघावं?"

"कूलर जेवणाच्या खोलीत न्यायचा. गुंडाळायला सगळ्यांनी आळीपाळीने बसायचं. घाम आला की उठायचं, थंड होऊन यायचं. मी पण बसेन."

"अन् साहेब?" जितेंद्रने दारातून विचारलं.

"तू गप राह्य बे," रुपरावजी म्हणाले, पण उठले. "कापड मागवतो. एसीवाल्यालेही बोलावतो. पैसे फुकट गेले तं एसी तुह्या डोक्यावर फोडीन, सांगून ठेवतो."

"फोडा," भावना म्हणाली आणि कूलरचा प्लग उपसला. घरघर थांबली. भट्टीची झळ एकदम अंगावर आली. सुभद्राबाईंनी पदराने कपाळ पुसलं, हुश्श केलं आणि तिच्यासाठी स्टूल रिकामं केलं.