बेदाण्याला ऐकू येतं

आमच्या तासगावकडं मार्चात ऊन असं पडतं की सावलीच सावली शोधत फिरते. त्या उन्हात द्राक्षाचा बेदाणा होतो, कधी माणसाचाही होतो. आमच्या शेडावर असा एक सुकलेला माणूस होता, प्रोफेसर गुलाम सखी. काबूलच्या विद्यापीठात द्राक्षांचं शास्त्र शिकवायचा. पुढं शिकायला हिकडं आला आणि मागं राज्य पालटलं. त्याच्या प्रयोगशाळेत बंदूकवाले झोपायला लागले. परतायची वाट बंद.

पहिल्या दिवशी बनुबाई, म्हणजे शेडावरच्या बायकांची पुढारीण, म्हणाली, "बाप्या माणूस आन् नाव सखी? आता गं बया!" पण तिनंच त्याला मराठी शिकवलं. बायकांत शिकल्यामुळं तो दाढीवाला धिप्पाड गडी "मी येते, मी जेवते" असंच बोलायचा.

शेडाचे मालक जयराजआबा. एका कोपऱ्यात सखीनं त्याच्या मुलखासारखं भोकाभोकांच्या भिंतींचं, द्राक्षं सुकवायचं मातीचं घर बांधलं, आणि चार हंगाम खपून, गंधकाची धुरी न देता हिरवा राहणारा बेदाणा काढून दाखवला. आबांनी त्याला नाव दिलं 'जयराज पद्धत'. दिल्लीच्या कुठल्याशा मंडळाला ती आपल्या नावानं कळवली, आणि सांगलीत आबांचा सत्कार ठरला.

सखी विचारायला गेला. आबा हसले. "तुझ्या व्हिसाला पत्र कोण देतंय? मी. मग तुझं डोकं कुणाचं? माझंच की रं!"

सखी माझ्याकडं आला. मी शेडाचा मुकादम. त्याचे डोळे चुलीतल्या निखाऱ्यासारखे झाले होते.

"तात्याबा, मला त्याचा पैका नको. त्याची जीभ पायजे."

"कापून?"

"न्हाई. त्याच्याच तोंडात, पण मेलेली."

म्हटलं, एवढंच ना? असला माल आपल्याकडं तयार असतो.

दुसऱ्या दिवशी सखीला संगं घेऊन आबांना गाठलं. "आवं आबा, ह्या सखीच्या मुलखात माल सुकस्तवर मालक मौन धरतो म्हणं. बेदाणा मालकाचा आवाज वळखतो. मालक बोलला की काळा पडतो. गेल्या साली तुमी पाचगणीहून फोनवर आमच्यावर खेकसला, आन् आमी शेडात स्पीकर लावून ऐकत हुतो. काय झालं सांगा?"

गेल्या साली माल काळा पडला होता हे खरं, पण अवकाळीच्या ओलीनं. आबा पाचगणीला हवा खात होते, त्यांना काय ठाऊक?

आबांनी सखीकडं पाहिलं. सखीनं गंभीरपणे मान हलवली. "शेडात पाय पण टाकायचा न्हाई, आबा."

खरोखर अभ्यास केलेला माणूस इथं पोट धरून हसला असता. पण चोरलेल्या विद्येची खोडच अशी की चोराला त्यातलं खरं काय आणि थाप काय, ते कळत नाही. आणि माल तर रॅकांवर छपरापर्यंत भरलेला. आबांनी ओठ मिटले. घरात त्यांच्या बायकोनं, संयोगितावहिनींनी, औंधच्या यमाईची ओटी भरली. म्हणाल्या, "आई, असंच ऱ्हाऊ दे."

सत्काराला हॉल गच्च भरला. प्रमुख पाहुण्या दिल्लीच्या मंडळावरच्या डॉक्टर नीलिमाबाई. आबांचं मौन असल्यामुळं त्यांचं भाषण सखीनं वाचायचं ठरलं होतं. मी आबांच्या शेजारी बसलो आणि खिशातला फोन काढून मांडीवर ठेवला.

आबांनी भुवया उंचावल्या.

"शेडातल्या फोनवर कॉल चालू हाय," मी कानात सांगितलं. "मालाला बी तुमचा सत्कार ऐकू जाऊ दे. तेवढं तुमी बोलू नगा."

सखी माइकसमोर उभा राहिला. आबांच्या भाषणाची त्यानं घडी घातली आणि खिशात ठेवली.

"मी सांगते," तो म्हणाला. थोडा हशा पिकला. "ही पद्धत माझी हाय. तिकडं माझं काम बंदुकीनं गेलं. हिकडं एका पत्रापायी गेलं. भिंतीला भोकं किती वर ठेवायची, वारं कुठनं घ्यायचं, ते ह्या आबांना विचारा. त्यांना येत असलं तर मी उद्या हिथनं जाते."

हशा विरला. आबा ताडकन उठले, जबडा उघडला. मी फोन वर धरला, अगदी तोंडाजवळ.

जबडा मिटला.

नीलिमाबाई त्यांच्याकडं वळल्या. "साहेब, हे खरं आहे का? नुसती मान हलवून चालणार नाही. तोंडानं एकदा 'नाही' म्हणा, मी यांना खाली बसवते."

आबांचा चेहरा पिकल्या टोमॅटोसारखा झाला. कपाळाचा घाम मिशीत उतरला. एकीकडं नाव, एकीकडं साऱ्या हंगामाचा माल. एक शब्द काय तो, जिभेच्या शेंड्यावर येऊन फडफडत होता. मला दिसत होता म्हणा ना!

आबा खाली बसले.

आमच्याकडं गावाच्या बैठकीची रीत आहे. चारचौघांत विचारलं आणि गडी गप्प राहिला, तर त्यानं कबूल केलं. मागच्या रांगेतून बनुबाई ओरडली, "कबूल हाय त्यास्नी!" अख्खा हॉल म्हणाला, "कबूल, कबूल!" नीलिमाबाईंनी आबांसाठी आणलेली शाल उचलली आणि सखीच्या खांद्यावर घातली. व्हिसाचं पत्र यापुढं आमचं मंडळ देईल, आणि शोधनिबंधही तुमच्याच नावानं छापू, असं माइकवरून सांगितलं.

बाहेर गाडीपाशी आबांनी सखीला अडवलं. आधी तोंडाकडं बोट, मग घड्याळाकडं. कधी बोलू?

मी डोळ्यांनी सखीला खुणावलं, पुरे आता. पण सखीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. शाल नीट करत तो म्हणाला, "माल अजून वला हाय, आबा."

माल परवाच पोत्यांत भरून कोल्ड स्टोरेजला गेला होता. मीच पाठवला होता.

"निबंध कवा छापणार हाईत?" घरी येताना मी विचारलं.

"चार-पाच म्हैने लागतील म्हणाल्या बाई."

"मग तवर?"

"तवर वलाच," सखी म्हणाला, आणि कितीतरी वर्षांनी पोटभर हसला.